झाडून ठेवलेलं वाळवण

आये, वाळवणाच्या जागेला पत्रे लागले. निळे, माणसाच्या दीडपट उंच, जेटीच्या रस्त्यापासून थेट सुरूच्या झाडांपर्यंत. मधे एक फाटक आहे आणि फाटकाशी खुर्ची टाकून वॉचमन बसलेला असतो. कुठला तरी लांबचा आहे, त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नाही. परवा मी पत्र्याच्या फटीतून आत बघत उभी होते, तर मला म्हणाला, "मॅडम, अंदर जाना मना है." माझं निम्मं बालपण त्या जागेवर उकिडवं बसून सुकी कोळंबी हाताने वरखाली करण्यात गेलं, आणि मला तो मना करतो. पण खरं सांगू, मला त्याचा राग नाही आला. रागवायला तोंड लागतं, ते मी घालवून बसले आहे. कसं घालवलं, ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे, तरी कुणी मला बोल लावत नाही. म्हणून तुला सांगते. तुला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी कान उपटायला मला दुसरं कोण आहे?

तू गेलीस तेव्हा आपलं गाव नुसतं गाव होतं. आता नगरपंचायत झाली, म्हणजे कागदावर आपण शहरात राहतो. किनाऱ्याच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी लॉज, थाळीची हॉटेलं, पर्यटकांना समुद्राच्या तळाशी बुडवून परत आणणाऱ्यांची दुकानं. पूर्वी ज्या घरांच्या पडवीत जाळी टांगलेली असत, तिथे आता 'एसी रूम मिळतील' अशा पाट्या आहेत. या सगळ्यात मोकळी अशी एकच जागा उरली होती, ती वाळवण. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत तिथे बायका मासळी सुकवायच्या, उतरल्यावर पोरं फुटबॉल खेळायची, शिमग्यात गाव जमायचा, जत्रेनंतरचं दशावतारी नाटक तिथेच व्हायचं. पावसाळ्यात होड्या वर ओढून त्याच कडेला माडाच्या झापांखाली ठेवत. कुणाची जागा म्हणून विचारलं तर सांगता आलं नसतं. सरकारची असं सातबारा म्हणायचा, पण सरकार कधी तिथे बसायला आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

आणि तुमचा तो नियम. संध्याकाळी सगळं उचलायचं. जुन्या जाळ्याचे तुकडे गुंडाळायचे, पाट्या भरायच्या, खराट्याने खवलं आणि कचरा झाडून समुद्राकडे न्यायचा, आणि जागा सकाळी होती तशी बोडकी करून घरी जायचं. दुसऱ्या दिवशी जो आधी येईल त्याला हवा तो तुकडा. मी दहा-अकरा वर्षांची असेन. उंचावरचा, वारा लागणारा तुकडा आपल्याला रोज मिळावा म्हणून मी एक खुटा आणला आणि दगडाने ठोकून बसवला. माझ्या हुशारीवर मीच खूश. तू पाटी घेऊन येतेस, खुट्याकडे बघतेस, पाटी खाली ठेवतेस. वाकून दोन्ही हातांनी खुटा उपटतेस आणि माझ्या पोटरीवर एक फटका देतेस, तोही हलकाच. पण बोललीस ते हलकं नव्हतं. "वाळवण काय तुझ्या बापाशीचा? आज खुटो मारतलस, उद्या दोरी बांधतलस, परवा दगडांचो गडगो घालतलस. मगे ही बाकीची खंय जातली?" चार बायकांसमोर बोललीस. मी दिवसभर रुसून होडीच्या सावलीला बसले, आणि संध्याकाळी झाडायला माझ्याच हातात खराटा दिलास.

दुसरी गोष्ट वासाची. ही तुला कधी सांगितली नव्हती, पण तुला कळली होती. हायस्कुलात माझ्या बाकावरच्या मुली हळूच सरकून बसायच्या. बोलायच्या गोड, पण सरकायच्या. मी घरी येऊन हात घासून घासून लाल करायचे, राखेने, लिंबाच्या सालीने, काय मिळेल त्याने. तू चुलीपुढे बसून बघायचीस आणि म्हणायचीस, "वास इलो तर इलो. त्याच वासान तुझी फी भरली." असं म्हणालीस, आणि पुढच्या सोमवारी फोंडाघाटच्या बाजाराला सुकी मासळी घेऊन गेलीस ती येताना चंदनाचा साबण घेऊन आलीस. दोऱ्याने कापून त्याचे दोन तुकडे केलेस. दोन्ही मला. स्वतःला एकही ठेवला नाहीस. पुढे मला ग्रामपंचायतीत लेखनिकाची नोकरी लागली, तेव्हा तू कधी विसरलेला डबा द्यायला यायचीस. आत यायची नाहीस. खिडकीशी उभी राहायचीस, पण कुठल्या खिडकीशी, ते मी एक दिवस लक्ष देऊन पाहिलं. वारा समुद्रावरून असेल तर मागच्या, वारा घाटाकडून असेल तर पुढच्या. तुझ्या अंगावरून वारा ऑफिसात जाणार नाही अशाच बाजूला. दर्यावरच्या माणसाला वारा शिकवावा लागत नाही. मला ते कळलं, आणि मी तुला 'आत ये' म्हटलं नाही. डबा घेतला आणि फायलीत डोकं घातलं.

आता मूळ गोष्टीवर येते. नगरपंचायत झाल्यावर मी तिथेच वर्ग झाले. तीनेक वर्षांपूर्वी एका कंपनीचा अर्ज आला. वाळवणाची जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्या, आम्ही पर्यटकांसाठी निवास बांधतो, गाड्या लावायची सोय करतो, गावाचा विकास करतो. विकास म्हटलं की हल्ली सगळ्यांची तोंडं बंद होतात. जागा सरकारी, ताबा नगरपंचायतीचा. द्यायची की नाही ते एकाच गोष्टीवर ठरणार होतं: जागा लोकांच्या रोजच्या वापरात आहे का. असेल तर देता येणार नव्हती. बायकांनी हरकत घेतली. तो हरकतीचा अर्ज मीच लिहून दिला, ऑफिस सुटल्यावर, आपल्या स्वयंपाकघरात. चाळीस बायकांच्या सह्या आणि अंगठे. तुझी जोडीदारीण काकी, जिच्याबरोबर तू पाट्या घेऊन बाजार गाठायचीस, ती आता ऐंशीला टेकली आहे, तिने पहिला अंगठा दिला. तेव्हा मी त्यांच्या बाजूने होते, आये. हे तू लक्षात ठेव, कारण पुढचं ऐकल्यावर तुला ते खरं वाटणार नाही.

जिल्ह्याहून साहेब पाहणीला येणार, आणि पाहणीचा कागद लिहायला मी, असं ठरलं. आदल्या दिवशी ऑफिसातला शिपाई म्हणाला, "मॅडम, साहेब माळकरी आहेत, त्यांना मासळीचा वास सहन होत नाही. मागे एका बंदरावर गाडीतून उतरलेच नाहीत." साहेब उतरलेच नाहीत तर पाहणी कसली, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटंही नव्हतं. पण त्याच्या आत दुसरंच होतं. मला दिसत होतं की मी साहेबांच्या शेजारी फाईल घेऊन उभी आहे, चारी बाजूंना तारले आणि कोळंबी पसरली आहे, माशा घोंगावतायत, आणि त्यातली कुणीतरी हात पुसत उठते आणि साहेबांना सांगते, ही आमचीच चेडू, हयच वाढली. चौतीस वर्षांची नोकरी, आणि मी पुन्हा हायस्कुलातल्या त्या बाकावर बसले होते.

संध्याकाळी वाळवणावर गेले. बायका आवराआवर करत होत्या. मी म्हटलं, "उद्या सकाळी इथे काही सुकत घालू नका. साहेब येणार आहेत. ते गेल्यावर घाला." हे मी ऑफिसच्या भाषेत बोलले. तुझ्या वयाच्या बायकांशी, जिथे मी आयुष्यभर मालवणी बोलले, तिथे. काकीने विचारलं, "सगळाच उचलूचा?" मी म्हटलं, सगळं. ती हसली. "बरा. पावणो येतलो म्हटल्यार घर झाडूचाच लागता." एकीलाही शंका आली नाही. त्यांना वाटलं, आपल्यातलीच ऑफिसात आहे, ती सांगते म्हणजे आपल्या भल्याचंच सांगत असेल.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी साहेबांच्या गाडीतून उतरले आणि बघतच राहिले. वाळवण असं झाडलं होतं की लग्नाचं अंगणही इतकं कुणी झाडत नाही. खराट्याच्या रेघा वाळूवर सरळ उमटलेल्या. जाळ्याचे तुकडे, पाट्या, फळ्या सगळं होड्यांच्या मागे नजरेआड. आणि सुरूच्या सावलीत चाळीस बायका ठेवणीतली लुगडी, साड्या नेसून, अबोलीचे वळेसर माळून रांगेत उभ्या. एकीने शहाळं फोडून आणलं. साहेब वाईट माणूस नव्हता. शहाळं घेतलं, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाले, "छान, स्वच्छता फार चांगली ठेवली आहे." बायकांचे चेहरे फुलले. मग त्यांनी फाईल उघडून विचारलं, "हरकतीत म्हटलंय की इथे रोज मासे वाळवतात. कुठे वाळवतात?" काकी पुढे झाली. "हयच, साहेब. आज तुमी येतलात म्हणान उचलला." साहेब हसले, उशिरा आलेल्या पोराचं कारण ऐकून मास्तर हसतात तसे. "आजी, रोजचा वापर असला की खुणा असतात. खांब असतात, दोऱ्या असतात, एखादी शेड असते. इथे तर साधा खुटासुद्धा नाही." नव्हताच. कसा असेल? तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या एक खुटा तिथे टिकू दिला नाहीत. त्या क्षणी मला तुझा इतका राग आला, आये, तुझ्या त्या नियमाचा. आपलं पाप झाकायला आईच बरी सापडते.

मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही इथल्याच ना? तुम्ही सांगा." सरळ प्रश्न होता. चाळीस बायका माझ्याकडे बघत होत्या. 'साहेब, मीच काल उचलायला सांगितलं' एवढं एक वाक्य पुरेसं होतं. मी म्हणाले, "वाळवतात, साहेब. कधी कधी." कधी कधी कुठून आलं माझ्या तोंडात? ऑफिसात माणूस असंच बोलायला शिकतो, कुठल्याच बाजूला पडू नये असं. साहेब म्हणाले, "कधी कधी म्हणजे रोज नाही. बरं, लिहा." आणि मी लिहिलं. पाहणीच्या वेळी सदर जागा स्वच्छ व पूर्ण मोकळी आढळली. नियमित सार्वजनिक वापराची कोणतीही खूण दिसून आली नाही. खाली त्यांची सही, त्याच्या बाजूला माझी. दोन फोटो काढले. गाडी गेल्यावर बायकांनी जाळ्याचे तुकडे पुन्हा पसरले आणि काकी म्हणाली, "साहेब बरो होतो गो. शहाळा सगळा प्यालो."

हरकत फेटाळली, जागा कंपनीला मिळाली. पत्रे यायच्या आधी बायकांनी अपील केलं, जिल्ह्याच्या ठिकाणी एक तरुण वकील गाठून. वकिलाने सांगितलं की पाहणीच्या दिवशी जागा रिकामी का होती, ते शपथेवर लिहून द्या. ऑफिसातल्या कुणी सांगितलं म्हणून उचललं असं आलं, तर ती पाहणीच टिकणार नाही, पुन्हा करावी लागेल. लिहून घ्यायला त्या माझ्याकडेच आल्या. दुसरीकडे कुठे जाणार? दुपारची वेळ होती, मी भात उतरवत होते. पाचसहा जणी स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या. माझ्या निवृत्तीला चार महिने राहिले होते.

काकी म्हणाली, "लिव. आमीच आपल्या मनान उचलला."

मी म्हटलं, "काकी, तसा नाय. मी सांगलंय तुमका." या वेळी तोंडातून मालवणीच आलं.

"तू सांगलस ता आमका सगळ्यांका ठावक आसा," काकी म्हणाली. "पन कागदार तुझा नाव इला तर ते तुका सोडतले? चार म्हयने रवलेत. पेन्शन अडकवतले तुझी. एकटी बायल तू, म्हातारपणात काय खातलस?"

"पण मग वाळवण जायत, काकी."

"देवाच्या मनात आसात तर रवात. तुझ्या आवशीन मराच्या आधी तुझो हात माझ्या हातात दिल्यान. उद्या वर गेल्यार माका तिका तोंड दाखवूचा आसा. लिव गो बाय, भात निवता."

मी लिहिलं. त्यांनी अंगठे दिले, पाणी प्यायल्या आणि गेल्या. निकालात शेवटी एवढंच होतं की, अर्जदारांनी स्वतःच्या म्हणण्यानुसार जागा स्वेच्छेने रिकामी केली होती, सबब पाहणीत दोष दिसत नाही. आता बायका रस्त्याच्या कडेला सुकवतात. गाड्यांची धूळ बसते, पर्यटक नाकाला रुमाल लावून फोटो काढतात, आणि नगरपंचायतीचा माणूस येऊन उठवतो. मी काकीला म्हटलं, माझ्या गच्चीवर घाल, ऊन चांगलं लागतं. एक दिवस आली. दुसऱ्या दिवशी आली नाही. विचारलं तर म्हणाली, "थय मी एकटी कोणाबरोबर बोलू?" वाळवणावर तुम्ही नुसती मासळी सुकवत नव्हता, हे कुठल्या हरकतीत लिहायचं ते मला सुचलं नसतं.

निवृत्त होऊन मला वर्ष झालं. पेन्शन चालू आहे, दर महिन्याला वेळेवर येते. तो वकील परवा बाजारात भेटला. म्हणाला, अजून मुंबईच्या कोर्टात जाता येईल, पण पाहणी लिहिणाऱ्या बाईने स्वतः शपथेवर सांगितलं तरच. त्याला ती बाई कोण ते माहीत आहे, तरी 'ती बाई' म्हणाला. आज सकाळी तेच लिहायला बसले. 'मी खाली सही करणार' इथपर्यंत आले, आणि पुढे तुझ्याशीच बोलत सुटले. हा कागद कुठल्या कोर्टात चालायचा नाही आणि तुला अक्षरओळख नव्हती. तो पेटीत जाईल. दुसऱ्या कागदावर, शपथेच्या, अजून चारच शब्द आहेत.

काकी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, चेडू बरी आसा, आमच्यासाठी आपला नाव घालूक तयार होती, मीच घालूक दिलंय नाय. ऐकणारे मला बरं म्हणतात. पण तू मला ओळखतेस, म्हणून तुला सांगते. त्या दुपारी 'मी सांगलंय' असं मी म्हटलं ना, तेव्हा काकी नको म्हणणार हे मला आधीच ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच म्हटलं. आणि ती नको म्हणाली, तेव्हा मला हायसं वाटलं.